पेट्रोलातला ऊस आणि इंजिनाचे माप



"सायेब, पेट्रोलात ऊस घातल्यापास्नं गाडी वडंनाच झालीया," हे वाक्य वाळवा, पलूस, कराड या तालुक्यांत मी गेली दोन-तीन वर्षे ऐकतो आहे. उसाच्या खोडव्याला खताची मात्रा सांगायला जावे आणि बैठक उठता उठता बोलणे फटफटीवर यावे, असे आता नेहमीचे झाले आहे. गंमत पाहा, ऊस लावणारे आपण, कारखान्याला घालणारे आपण, आणि तोच ऊस पंपावर लिटरने विकत घेऊन कुरकुरणारेही आपणच! तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. पण दोष इथेनॉलच्या ताकदीत नसून इंजिनाला मिळणाऱ्या मापात आहे. हे माप ज्याला कळले त्याची जुनी गाडीही चालेल. ज्याला कळले नाही त्याचा नवाकोरा पिस्टन जळेल. म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

गुऱ्हाळावर तुम्ही कधी ना कधी बसला असाल. चुलवाणात चिपाड टाकणारा जाळव्या काय करतो? एकदम भारा कोंबत नाही. हवा खेळेल एवढेच चिपाड तो सारत राहतो. चिपाड जास्त झाले की काळा धूर कोंडतो, कमी पडले की जाळ पांढुरका होऊन काहिलीची उकळी बसते. इंजिनात नेमके हेच घडते. ठरावीक हवेला ठरावीक इंधन लागते आणि हे प्रमाण वजनावर ठरते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला मात्र 9 किलोच पुरते. याचे कारण असे की, इथेनॉलच्या वजनात सुमारे 35 टक्के प्राणवायू आधीपासूनच असतो. घरून शिदोरी बांधून आलेल्या गड्याला मालकाच्या घरची भाकरी कमी लागते, तसेच हे.

आता याचा उलटा अर्थ ध्यानात घ्या. इंजिन दर फेऱ्याला हवा तेवढीच ओढते. सिलिंडरचे आकारमान काही बदलत नाही. तेवढ्याच हवेला पेट्रोलऐवजी इथेनॉल जाळायचे, तर इथेनॉल जास्त द्यावे लागणार. निव्वळ इथेनॉल असेल तर लिटरच्या मापाने जवळजवळ दीडपट. आज पंपावर मिळते त्या 20 टक्के मिश्रणाचे प्रमाण सुमारे 13.5 येते, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के जास्त इंधन. एवढे दिले, तर एक किलो हवेमागे निघणारी उष्णता दोन्ही इंधनांची जवळपास सारखीच भरते. म्हणून सांगतो, इथेनॉलने गाडीचा जोर जात नाही. तिच्या पोटात इंधन कमी पडते, मिश्रण पातळ होते, म्हणून जोर जातो.

मायलेज मात्र घटणारच, त्यात लपवाछपवी नको. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या दोन-तृतीयांश उष्णता असते. नीती आयोगाच्या 2021 सालच्या अहवालात 20 टक्के मिश्रणामुळे दुचाकींचे मायलेज 3 ते 4 टक्के आणि जुन्या धर्तीच्या चारचाकींचे 6 ते 7 टक्के कमी होईल, असे नमूद आहे. म्हणजे 50 किलोमीटर पळणारी फटफटी 48 पळेल. कोणी मला सांगतो की 50 ची 35 झाली, तेव्हा मी त्याला आधी एअर फिल्टर उघडायला लावतो. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर जी धूळ असते, तिने फिल्टरची जाळी गच्च बसलेली निघते. सगळे पाप इथेनॉलच्या माथी मारू नये.

या प्रयोगाची सुरुवात आपल्याच दारात झाली, हे तरुण पिढीला ठाऊक नसते. 2001 साली पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी झाले. त्यांतले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे, आणि तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. मळी म्हणजे वास मारणारे, ओढ्यात सोडले तर मासे मारणारे लचांड, एवढीच तिची तेव्हा ओळख. जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले, 2022 साली 10 टक्क्यांचा टप्पा गाठला आणि 2025 साली 20 टक्क्यांचा. एक टन उसाच्या रसापासून साधारण 70 लिटर इथेनॉल निघते. साखर गोदामात पडून राहते, तर इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. रेठरे बुद्रुक काय किंवा साखराळे काय, आसवनी असलेल्या कारखान्याला ऊसबिल देताना त्याचा आधार होतो. डिसेंबर 2023 मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले तेव्हा आपल्याकडे किती चुळबूळ झाली, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा हे इंधन टिकावे, यात आपला स्वार्थ आहे. तसेच आपली यंत्रे त्यावर नीट चालावीत, हाही आपलाच स्वार्थ.

प्रथम जुन्या गाड्यांचे पाहू. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींत इंधन पिचकारीने, म्हणजे इंजेक्टरने जाते. धुराच्या नळीत प्राणवायू हुंगणारा एक सेन्सर असतो. धुरात प्राणवायू उरला की तो संगणकाला कळवतो आणि संगणक पिचकारी जरा जास्त वेळ उघडी ठेवतो. म्हणजे जाळव्या शहाणा आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हा जाळव्या नाही. तिथे पितळी जेटच्या भोकातून जेवढे येईल तेवढेच येणार, मग टाकीत काहीही असो.

अशा गाडीचे निदान घरच्या घरी करता येते. गाडी चार-पाच किलोमीटर चांगली ओढून चालवा, बंद करा, गार झाल्यावर स्पार्क प्लग काढा. त्याच्या टोकावरची पांढरी चिनी माती पाहा. काजळी असेल तर इंधन जास्त. खडूसारखी पांढरीफटक असेल तर इंधन कमी. खरपूस भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग असेल तर माप बरोबर. पांढरी निघाली, चढावर गाडी धक्के देत असेल आणि इंजिन नेहमीपेक्षा तापत असेल, तर चांगल्या मिस्त्रीकडून मुख्य जेट एक नंबर मोठा बसवून घ्या. एकच नंबर! भोकाचा व्यास चार टक्के वाढला तरी त्यातून जाणारा प्रवाह आठ टक्क्यांनी वाढतो, हे पाइपलाइन टाकणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तार गरम करून किंवा सुईने भोक मोठे करणारे महाभाग आहेत; त्यांच्या हाती गाडी देऊ नका. वाईच्या बाजूने पसरणीचा घाट चढून रोज पाचगणीला भाजी नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे कार्ब्युरेटरचे मिश्रण तिथे आपोआप दाट होते. इथेनॉलने पातळ झालेले मिश्रण उंचीने दाट होते आणि हिशेब बराचसा जुळून जातो. अशा गाडीचा जेट बदलण्याची घाई नको. प्लगचा रंग सांगेल तसे करावे.

आता नव्या, भात्याच्या गाड्यांकडे वळू. भाता म्हणजे टर्बो. लोहार भाता मारून निखाऱ्यात हवा कोंबतो, तसे हे यंत्र इंजिनात हवा कोंबते. त्याला फिरवायला वेगळी ताकद लागत नाही. बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा आत दाबते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. तुमच्या अनेक ट्रॅक्टरना टर्बो आहे, पण ती डिझेल इंजिने. डिझेलमध्ये इथेनॉल नीट मिसळत नाही, त्याने पंपाचे वंगण जाते आणि डिझेलचा पेट घेण्याचा गुणही उतरतो. ट्रॅक्टरच्या टाकीत असला प्रयोग कोणी करू नये. मी बोलतो आहे ते पेट्रोलवरच्या टर्बो मोटारींबद्दल. छोट्या इंजिनाच्या अशा मोटारी आता आपल्या गावांतही आल्या आहेत.

अशाच एका मोटारीची हकिगत सांगतो. कराडकडच्या माझ्या पाहुण्यांतला एक तरुण. हौशी, हुशार, द्राक्षबाग उत्तम ठेवणारा. त्याने एका गॅरेजात गाडीचा संगणक उघडून भात्याचा दाब वाढवून घेतला. महिनाभर गाडी वाऱ्यासारखी पळाली. एके दिवशी पुण्याहून येताना चार माणसे बसलेली, खंबाटकीचा घाट, पाय दाबून धरलेला. अर्ध्या चढावर आधी आतून टकटक ऐकू आली, मग निळा धूर आणि जोर गेला. इंजिन खोलले तेव्हा एका पिस्टनचा काठ मेणासारखा वितळलेला होता. दुरुस्तीला लागलेल्या पैशांत एक बरी म्हैस आली असती. पोराच्या आईने माझ्यासमोर इथेनॉलला शिव्या घातल्या. मी सांगलीच्या एका जाणत्या मिस्त्रीला विचारून, कागद-पेन्सिल घेऊन त्यांना हिशेब समजावला. तोच तुमच्यापुढे मांडतो.

आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण एक बार. मूळ गाडीचा भाता त्यात 0.8 बार भर घाली; एकूण 1.8. गॅरेजवाल्याने 0.8 चा 1.1 केला, एकूण 2.1. म्हणजे हवा सहाव्या हिश्श्याने वाढली. मग इंधनही सहाव्या हिश्श्याने वाढायला हवे. पिचकाऱ्या मात्र त्याच, पंप तोच. त्यात 20 टक्के इथेनॉलमुळे पिचकारीच्या कुवतीतला सात-आठ टक्के वाटा आधीच खर्ची पडलेला. पाटाची मोरी पूर्ण उघडली, तरी शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेना! घाटात जोर लावला तेव्हा पिचकाऱ्या अखंड उघड्या राहिल्या, तरी इंधन पुरले नाही. सेन्सर तरी काय करणार? आणि पूर्ण जोरात असताना बहुतेक गाड्यांचा संगणक सेन्सरचे फारसे ऐकत नाही, आधी भरून ठेवलेल्या तक्त्याप्रमाणे चालतो. तो तक्ता गॅरेजवाल्याने तपासलाच नव्हता. पातळ मिश्रण, वाढलेला दाब आणि चढ, एवढ्यात ॲल्युमिनियम वितळायला वेळ लागत नाही.

वास्तविक भात्याच्या इंजिनाला इथेनॉलसारखा सोबती नाही. हवा दाबली की तापते. तापल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता भडकते, तीच ती टकटक. हे टाळण्याचा इंधनाचा गुण ऑक्टेन अंकाने मोजतात. साध्या पेट्रोलचा 91, आताच्या 20 टक्के मिश्रणाचा किमान 95, तर निव्वळ इथेनॉलचा 108 च्या आसपास. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने आत जाणारी हवा गार होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या इंजिनांत दाब वाढवताना पाणी आणि मिथेनॉल फवारत, त्यामागेही हाच विचार होता. म्हणून योग्य माप दिले तर इथेनॉलवर भात्याचा दाब थोडा वाढवता येतो, ठिणगी थोडी आधी देता येते आणि जोरही जास्त मिळतो. पण माप आधी, दाब नंतर आणि ठिणगी सर्वांत शेवटी. त्या पोराच्या गाडीत हा क्रम उलटा झाला.

हे माप मोजताना मिस्त्रीही फसतात. धुराच्या नळीत बसवायचे घड्याळ मिळते. त्यातल्या सेन्सरला टाकीत कोणते इंधन आहे हे कळत नाही. जळून हवा उरली की कमी पडली, एवढेच कळते. बरोब्बर जुळले की तो 1 सांगतो. याला लॅम्बडा म्हणतात. पण पुष्कळ घड्याळांवर 1 च्या जागी पेट्रोलचा 14.7 हा आकडा छापलेला असतो, आणि टाकीत इथेनॉल असले तरी माप जुळले की काटा 14.7 वरच येतो. एखादा अर्धवट जाणकार "इथेनॉलला 9 हवे" म्हणून काटा 9 वर आणायला जातो आणि इंजिनात इंधनाचा पूर करतो. ते इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते आणि रिंगा झिजतात. म्हणून लॅम्बडाच वाचावा. सावकाश चालीत तो 1 असावा. पूर्ण जोरात, भाता भरलेला असताना साधारण 0.8 ते 0.85, म्हणजे इंधन थोडे जास्तच, कारण ते जास्तीचे इंधन आतली उष्णता उतरवते. आणि पिचकारी उपलब्ध वेळेच्या 85 टक्क्यांहून अधिक उघडी राहू लागली की तिची कुवत संपली, असे समजून मोठी पिचकारी आणि मोठा पंप घालावा. ते परवडत नसेल तर दाब वाढवण्याचा नाद सोडावा. अशा फेरफाराने कंपनीची हमी जाते आणि अपघात झाला तर विम्याचा वाद उभा राहतो, हेही घरच्या कर्त्या माणसाने पोराला सांगावे.

मार्च 2024 पासून काही निवडक पंपांवर जवळजवळ निव्वळ इथेनॉलही विकायला आले आहे. ते फक्त त्यासाठी बनवलेल्या गाड्यांत घालायचे. ब्राझीलने 1975 साली उसाच्या मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, 1979 साली तिथे मद्यार्कावर चालणारी फियाट मोटार विक्रीला आली आणि 2003 पासून कोणतेही मिश्रण चालणाऱ्या गाड्या मिळू लागल्या. धुरातला प्राणवायू पाहून या गाड्या टाकीत काय आहे याचा अंदाज घेतात आणि माप बदलतात. तिथल्या पहिल्या गाड्या थंडीत सुरू होत नसत, कारण गारठ्यात इथेनॉलची वाफ धरत नाही. म्हणून सकाळी सुरू करण्यापुरती पेट्रोलची एक छोटी टाकी त्यांना वेगळी असे. महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटेला हाच अनुभव येईल. साध्या दुचाकीत असले इंधन भरले तर तिला पाहिजे त्याच्या दोन-तृतीयांशच खुराक मिळेल; ती सुरूच होणार नाही, झाली तर जळेल. आसवनीतून ओळखीने स्पिरिट आणून टाकीत ओतण्याच्या गप्पाही कानावर येतात. साध्या ऊर्ध्वपातनाने निघणाऱ्या स्पिरिटमध्ये चार-पाच टक्के पाणी राहतेच. इंधनाचे इथेनॉल त्यातून ते पाणी काढून 99.5 टक्क्यांहून शुद्ध केलेले असते. शिवाय ते आणणे हा गुन्हा आहे.

पाण्याचा विषय निघाला आहे, तर शेतातल्या छोट्या यंत्रांचे सांगून थांबतो. गवत कापायचे यंत्र, फवारणीचा पेट्रोल पंप, कोळपणीचे पॉवर वीडर, यांना ना सेन्सर ना संगणक. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. शिराळा, पाटण, जावळीच्या पावसात कॅन अर्धा भरून, झाकण सैल ठेवून महिना-दोन महिने ठेवला, तर त्यात पाणी जमते. ठरावीक मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून त्या पाण्याबरोबर तळाशी बसते. शेतीशाळेत मी हे काचेच्या मापात दाखवतो. जवळपास विडी-काडी नको. मापात 80 मिली पेट्रोल घ्या, त्यात 20 मिली पाणी घाला, हलवून ठेवा. थोड्या वेळाने खालचा थर 20 वर न राहता 30 च्या वर चढलेला दिसतो. जास्तीचा भाग इथेनॉलचा. हाच तळाचा थर यंत्राच्या नळीत गेला तर माप पूर्ण बिघडते. टू-स्ट्रोक यंत्रात तर त्या थराबरोबर ऑइल जात नाही आणि इंजिन जाम होते.

म्हणून ऑइल मिसळलेले पेट्रोल आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढेच करावे, लोखंडी किंवा पेट्रोलसाठीच्या जाड कॅनमध्ये गच्च झाकण लावून सावलीत ठेवावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा. जुन्या यंत्राची रबरी नळी आणि पडदा चिवट, फुगलेला किंवा तडकलेला दिसला, तर पेरणीआधीच बदलून घ्यावा. नवा घेताना इथेनॉलला चालणारा आहे ना, हे दुकानदाराला विचारावे. गेल्या जूनमध्ये पलूस भागातल्या एका ताईंनी मला असाच बंद पडलेला वीडर दाखवला. टाकी झुकवून तळाचे दोन पेले पेट्रोल काचेच्या बरणीत काढले, तर खाली गढूळ थर स्पष्ट वेगळा दिसत होता. टाकी धुतली, जेट फुंकून घेतला, ताजे पेट्रोल घातले. चौथ्या दोरीला यंत्र सुरू झाले आणि सोयाबीनची कोळपणी त्याच दिवशी उरकली.